आमची आकडी परत द्या: डोहाला कुंपण घालायला निघालेल्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

डोहाच्या वाटेवर गेल्या आठवड्यात एक फलक उभा राहिला. ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.’ लाल अक्षरं, खाली सही कुणाचीच नाही. त्याच दिवशी तुमची माणसं काठावरच्या झाडाला बांधलेला झोक्याचा दोर कापून घेऊन गेली आणि जाता जाता खोडाला टेकवून ठेवलेली आकडीही, म्हणजे टोकाला आकडा असलेली लांब काठीही, उचलून नेली. पुढच्या बैठकीत तारेच्या कुंपणाचा ठराव येणार असं कानावर आलंय. हात वर करण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी एक दुपार डोहावर येऊन बसावं अशी माझी इच्छा होती. आता तिथं बसायचीही चोरी. तेव्हा ती दुपारच पत्रात घालून पाठवते. पत्र लांबेल, दुपारही लांबच होती.

आधी एक कबुली. ज्या प्रसंगामुळे हा ठराव आला तो घडला तेव्हा मी पाण्यातच होते, बुडणाऱ्या मुलापासून जेमतेम पंधरा फुटांवर. माझं त्याच्याकडे लक्ष गेलं होतं. मी त्याच्याकडे बघून हसलेसुद्धा. त्यामुळे ‘डोहात काही धोका नाही हो’ असलं काही मी लिहिणार नाही. धोका आहे. तो कुठे, कसा आणि किती, हे तुमच्या फलकावर नाही, ही माझी तक्रार.

ज्यांनी डोह फक्त नकाशात पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं. नदी दीड पुरुष उंचीच्या कातळावरून खाली येते आणि लगेच डावीकडे वळते. पडणाऱ्या पाण्यानं खालचा तळ वर्षानुवर्षं खणून काढलाय. गोटे एकाच जागी गरगरत राहिले तिथं रांजणखळगे पडलेत, काही इतके गुळगुळीत की आत हात फिरवला तर कुणीतरी चाकावर घडवलेत असं वाटावं. वळणावर धार बाहेरच्या अंगाला जोर धरते आणि काठ खाते, आतल्या अंगाला मंदावते आणि वाळू टाकते. म्हणून आमच्या डोहाचे दोन स्वभाव. या काठाला वाळू, घोटाभर पाणी, बाळगोपाळांचं राज्य. समोरच्या काठाला उभा कातळ आणि त्याच्या पायाशी तीन पुरुष पाणी. तिथं सूर मारणारे आणि मुटके मारणारे. या दोहोंच्या मधे वाळू एकाएकी संपते. एका पावलाला पाणी छातीशी, पुढच्या पावलाला पायाखाली काहीच नाही. तिथं पाण्याचा रंग किंचित गडद होतो, पण दुपारच्या चकाकीत तोही दिसत नाही.

त्यात पाणी डोळ्यांना फसवतं. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे काठावरून खाली वाकून पाहिलं तर तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो. चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं. तुम्हाआम्हाला हा फरक म्हणजे कंबर की छाती एवढाच. चार फूट उंचीच्या मुलाला तो फरक म्हणजे छातीपर्यंत पाणी की डोक्यावरून पाणी, एवढा असतो.

आता दुपार.

सूर्य डोक्यावर येतो बाराच्या आसपास, पण जमीन त्यानंतरही तापत राहते आणि खरी काहिली दोन-तीनच्या सुमाराला होते. डोहावर गर्दी उसळते ती तेव्हाच. त्या दिवशी कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओल्या पावलांचे ठसे उमटायचे आणि माणूस चार पावलं पुढे जाईपर्यंत पहिला ठसा वाळून जायचा. समोर मुटक्यांची रांग लागलेली. गुडघे पोटाशी घ्यायचे, हातांनी कवटाळायचे आणि धोंड्यासारखं पडायचं. पाणी जितकं उंच उडेल तितका आरडाओरडा जास्त. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा रांगेतून तीनदा कडेपर्यंत आला आणि तीनदा ‘नाडी सैल झाली’ म्हणून मागे गेला. चौथ्यांदा नाडीकडे न बघता उडाला. वर आल्यावर त्यानं पहिल्यांदा कुणाकडे पाहिलं ते मला दिसलं, पण ते मी इथं लिहिणार नाही.

मी मधल्या पाण्यात उताणी तरंगत होते. उन्हाळ्यातल्या संथ डोहात वरचं हात-दीड हात पाणी कोमट असतं आणि त्याखाली एकदम गार. तापलेलं पाणी हलकं, ते वर राहतं. गार पाणी जड, ते तळ धरून बसतं. पाय खाली सोडले की पोटऱ्यांना गारवा झोंबतो आणि वर घेतले की ऊब. हा खेळ मी सात वर्षांची असल्यापासून खेळत आलेय. कान पाण्यात बुडाले की वरचा गलका एकदम बंद होतो, राहते ती धारेची घरघर आणि आपलाच श्वास. वर्षातल्या उरलेल्या दिवसांत मला एवढी शांतता कुठेच मिळत नाही, गर्दीतली असली तरी. माझे कान पाण्यात होते हे पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवा.

काठावर सावलीत एक आजी बसलेली असे. रोज तीच जागा. चार नातवंडं आणि पुढ्यात चार खडे. एक नातवंड पाण्यात शिरलं की एक खडा डावीकडून उजवीकडे. ते बाहेर आलं की खडा परत डावीकडे. कुणी शेजारी बसून बोलू लागलं तर आजी उत्तर द्यायची, पण मान वळवायची नाही. लोकांना वाटे बाई घमेंडखोर आहे. मलाही वाटे.

तीन वाजून गेले असतील. आठेक वर्षांचा एक मुलगा, निळी चड्डी, वाळूवरून चालत चालत त्या मधल्या कडेला आला. मी कुशीवर वळले तेव्हा तो समोर होता. उभाच्या उभा. डोकं मागे टाकलेलं, तोंड आभाळाकडे, ओठ बरोबर पाण्याच्या रेषेवर. केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हात बाजूला पसरून तो पाणी खाली दाबत होता. मला वाटलं, पोरगं उभ्यानं तरंगायला शिकतंय. मी हसले. तो हसला नाही, तेवढं जरासं खटकलं आणि मी पुन्हा उताणी झाले.

तेवढ्यात पाण्यातल्या माझ्या कानांनाही ऐकू आली अशी हाक आली. ‘आकडी! ए पोरा, आकडी घे! तो बघ निळ्या चड्डीचा!’ आजी उभी राहून बोट दाखवत होती. ‘धावा’, ‘वाचवा’ असलं काही नाही. काय हवं, कुणी आणायचं आणि कुठे न्यायचं, सगळं एका दमात.

आकडी कशासाठी होती ते सांगायला हवं, कारण तुमच्या कागदात तिची नोंद ‘धोकादायक वस्तू’ अशी झाली आहे म्हणे. झोक्याचा दोर पाण्यावर गेला आणि उडी मारणाऱ्यानं सोडला की तो काठाशी परत येत नाही, मधेच लोंबकळत राहतो. तो ओढून घ्यायला पोरांनी बारा फुटी काठीच्या टोकाला वाकवलेली सळई बांधली होती. झाडाखालच्या मुलानं ती उचलली, पालथा पडला, दुसऱ्यानं त्याचे पाय धरले आणि काठी पुढे सरकली. काठी बुडणाऱ्या मुलाच्या मनगटाला घासून गेली. त्यानं ती धरली नाही. पुन्हा हाताशी आली, पुन्हा धरली नाही. सगळे ओरडत होते ‘धर, धर!’. शेवटी काठावरच्या पोरानं आकडा त्याच्या काखेत अडकवला आणि त्याला ओढून वाळूवर घेतलं. आजीच्या हाकेपासून तिथवर फार तर अर्धा मिनिट गेलं असेल. मी पोहत पोहोचले तेव्हा काम झालेलं होतं.

तो काठी का धरत नव्हता, हा प्रश्न मला रात्रभर पडला होता. उत्तर फार जुनं निघालं. फ्रान्सेस्को पिया नावाचे जीवरक्षक न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर काम करत. १९७०च्या दशकात त्यांनी बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून ती माणसं नेमकं काय करतात ते अभ्यासलं. खरोखर बुडणारा माणूस ओरडत नाही, कारण तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास सोडून नवा घ्यायचा असतो. आवाज काढायला उसंतच नसते. तो हात हलवून बोलावत नाही, कारण हात आपोआप बाजूला पसरून पाणी दाबत राहतात. त्यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून फेकलेला दोर किंवा पुढे केलेली काठीही त्याला धरता येत नाही. शरीर उभं राहतं, पाय चालत नाहीत, आणि हे सगळं २० ते ६० सेकंदांत आटोपतं. बुडणं म्हणजे गटांगळ्या, आरोळ्या, हातवारे, असं आपण समजून चाललेलो असतो. जो ओरडू शकतो त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. जो गप्प उभा राहून आभाळ बघतोय त्याच्याकडे नसतो. हे मला चाळीस वर्षं पोहूनही माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं की नाही, कोण जाणे. ती बघत होती, एवढं खरं.

आणि म्हणूनच आकडीला आकडा होता हे महत्त्वाचं. मोठमोठ्या तरणतलावांच्या भिंतीला टोकाला बोथट मोठा आकडा असलेला एक लांब दांडा टांगलेला असतो, तो नेमका ज्याला काही धरता येत नाही त्याला ओढून घेण्यासाठी. आमच्या पोरांनी तीच वस्तू, दोर ओढायला म्हणून, न शिकता बनवली होती. मुलगा वाचला त्या हत्यारानं. तुमच्या कारवाईत सर्वांत आधी जप्त झालं तेही तेच.

वाळूवर आल्यावर मुलगा खोकला, ओकला, मग रडला. एक गृहस्थ त्याला पाय धरून उलटा करायला पुढे सरसावले. पोटातलं पाणी काढायचं म्हणे. गर्दीत दवाखान्यात काम करणारी एक बाई होती. तिनं त्यांना चक्क ढकललं, मुलाला कुशीवर वळवलं आणि तो श्वास घेतोय ना ते बघत बसली. पोट दाबून किंवा उलटं टांगून काही साधत नाही. उलट ओकारी श्वासनळीत जायची भीती. तो श्वास घेत नसता तर आधी तोंडानं श्वास द्यावे लागले असते, मग छातीवर दाब, कारण बुडालेल्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू संपल्यामुळे, आणि नुसती छाती दाबून प्राणवायू येत नाही. ही काही कालची विद्या नाही. अॅमस्टरडॅमच्या कालव्यांत लोक बुडून मरत म्हणून तिथं १७६७ साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली आणि तिनं तेव्हाच तोंडानं श्वास द्यायला सांगितलं होतं. (त्याच संस्थेनं गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडायलाही सांगितलं होतं. ते सोडा.)

मुलगा बोलायला लागला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, ‘माझी एक चप्पल कुठाय?’ ती खाली उतारापर्यंत वाहत गेली होती. बाईनं चप्पल मिळायची वाट न बघता त्याला डॉक्टरकडे पाठवलं, हसतोय तरीही, कारण फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनी वाढू शकतो.

त्यानंतर चार दिवसांनी तुमचा फलक आला.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२१ या एका वर्षात जगभरात अंदाजे ३ लाख माणसं बुडून मेली असा आकडा आहे आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं आहेत. त्याच संघटनेनं सुचवलेल्या सहा उपायांत अडसर हाही एक उपाय आहे, म्हणजे पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर कठडा, कुंपण, झाकण. बैठकीत कुणी ना कुणी हे काढणारच, म्हणून मीच काढते. घराजवळच्या विहिरीला, हौदाला, रांगत्या मुलाच्या वाटेतल्या तळ्याला कुंपण हवंच. तिथं मूल एकटं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. आमच्या डोहावरही वाळूच्या मागे, पायवाट उतरते तिथं, कमरेइतकं कुंपण आणि कडीचं फाटक घाला. मी स्वतः खांब धरायला येईन. पण त्याच सहांत शाळकरी मुलांना पोहायला आणि पाण्यात सांभाळून वागायला शिकवणं आहे, आणि काठावरच्या सामान्य माणसांना सुरक्षितपणे वाचवण्याचं व श्वास देण्याचं शिक्षण देणंही आहे. तुम्ही सहातला एक उचललात, तोही अशा जागी, जिथं माणसं उन्हातून मैलभर चालत मुद्दाम येतात. जो मुद्दाम येतो तो कुंपणाला वळसा घालतो.

घातलाच. फलक लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी वाटेवरून जात होते. झुडपात तीन सायकली आडव्या घातलेल्या, वरून फांद्या टाकलेल्या. पोरं फलकाकडून उतरलीच नव्हती. वरच्या अंगानं, धारेच्या माथ्यावरून, शेवाळलेल्या कातळावरून उतरली होती, जिथून दिवसाढवळ्या मी त्यांना हटकलं असतं. उजेड जात चाललेला. तिघंच. ना आजी, ना दवाखान्यातली बाई, ना पाय धरायला दुसरा कुणी, ना आकडी. मी काठावर जाऊन उभी राहिले ती तिघं बाहेर येईपर्यंत. माझ्यावर तुम्ही नियमभंगाची कारवाई करू शकता.

मनाईनं पाणी सुटत नाही, याचा सर्वांत लांबलचक दाखला पॅरिसचा असेल. सीन नदीत पोहायला तिथं १९२३ साली बंदी आली. नदी घाण होती, बोटींची ये-जा होती, कारणं खरीच होती. शंभर वर्षांनंतर लोकांनी काय केलं? नदी साफ केली आणि जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी पोहणाऱ्यांना पुन्हा उतरू दिलं. जीवरक्षक बसवले, पाणी रोज तपासायला लागले, आणि पावसानं पाणी बिघडलं की तेवढ्या दिवसापुरतं बंद. तिकडे स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये उन्हाळा आला की लोक आरे नदीच्या धारेत स्वतःला सोडून देतात आणि काठाच्या लोखंडी कठड्यांना धरून बाहेर येतात. धार जोराची आहे म्हणून नदीला भिंत घातली नाही. बाहेर यायच्या जागा केल्या आणि शेवटची जागा कुठली ते ठळक लिहून ठेवलं. टेक्सासमधला हॅमिल्टन पूल हा तर आमच्यासारखाच डोह, कोसळलेल्या कातळाच्या छताखालचा. तिथं आधी नोंदणी करूनच जाता येतं, म्हणजे गर्दी आवाक्यात राहते. पाण्यात जंतू वाढले किंवा वरून दगड सुटायची भीती असली की पोहणं बंद. बंदी तिथंही असते, पण कारणापुरती, आणि कारण लिहिलेलं असतं.

तुम्हाला खरोखर घाबरायचं असेल तर कातळावरच्या उड्यांना घाबरा. त्याबद्दल तुमच्या ठरावात एक ओळ नाही. तीन मीटरवरून उडी मारली तर पाण्याला टेकताना वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो, पाच मीटरवरून सुमारे ३६, दहा मीटरवरून ५०. खाली पाणी खोल असेल तर हा वेग जिरतो. नसेल तर डोकं आधी गेलेल्याची मान मोडते आणि तो जगला तरी मानेखालचं शरीर लुळं पडू शकतं. आणि खाली पाणी खोल आहे की नाही हे गेल्या वर्षीच्या माहितीवर ठरत नाही. पुराच्या दिवसांत नदी माणसाएवढे धोंडे हलवते. परवापर्यंत तीन पुरुष असलेली जागा एका हंगामात भरू शकते, आणि वरून बघून कळत नाही. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला कुणीतरी पोहण्याचा चष्मा लावून तळ चाचपला पाहिजे, कातळावर खोलीचे आकडे रंगवले पाहिजेत, आणि पहिली उडी कायम पायांवर. आमच्यातले जुने लोक हे करतात. नव्यानं येणाऱ्याला कोण सांगणार? तुमचा फलक सांगू शकला असता. त्यावर जागा भरपूर शिल्लक आहे.

दुसरी भीती मोठ्या मुलांची, पट्टीच्या पोहणाऱ्यांची. तळाशी जास्त वेळ कोण राहतो ही पैज. त्याआधी भराभर खोल श्वास घेतात, छाती ‘भरून’ घेतात. त्यानं प्राणवायू फारसा वाढत नाही. शरीरातला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, आणि श्वास घ्यायची तीव्र इच्छा त्याच्यामुळेच होत असते. मग इच्छा व्हायच्या आत शुद्ध जाते, पाण्याखाली, आवाज न होता. उत्तम पोहणारा मुलगा असा जातो आणि वरच्यांना वाटतं पैज जिंकतोय. एक ओळ पुरेल फलकावर.

बाकीचं थोडक्यात: वर डोंगरात पाऊस झाला आणि पाणी गढूळ, पालापाचोळा घेऊन आलं की आभाळ निरभ्र असलं तरी बाहेर. पाण्यावर हिरवी-निळी साय धरली की कुणीही नाही, कुत्रीसुद्धा नाहीत. काचेच्या बाटल्या आणणाऱ्याला परत पाठवा. आणि स्पीकर लावणाऱ्यांवर खुशाल सक्त मनाई करा. काठावरची हाक पाण्यात ऐकू गेली पाहिजे, म्हणून. बाकीची कारणं माझी खाजगी आहेत.

तर मागणं काय? कुंपणाच्या तारेवर जो खर्च धरलाय त्यातून एक माणूस ठेवा. दुपारी बारा ते सहा, गर्दीच्या दिवसांत. उंच जागी बसवा, शिट्टी द्या, खांद्यावर पट्ट्यानं अडकवायची तरंगती ट्यूब द्या, आणि त्याला एकच काम सांगा: बघत राहणं. तिकिटं फाडणं, गाड्या लावून घेणं, कचरा उचलायला लावणं यातलं काहीही त्याच्या गळ्यात मारू नका. आजीनं नेमकं हेच केलं होतं. तिच्याजवळ खडे चारच होते, बुडत होता तो पाचवा, दुसऱ्याच कुणाचा. मधल्या कडेवर, वाळू संपते तिथं, तरंगत्या पिंपांची रांग दोराला ओवून टाका. आणि मुटके मारणारी ती पोरं आहेत ना, ज्यांच्यावर तुमचा राग आहे, त्यांना दोन दिवस श्वास द्यायला, दोर फेकायला आणि स्वतः पाण्यात उडी न टाकता माणूस ओढायला शिकवा. बुडणाऱ्यामागे उडी टाकणारा स्वतः बुडतो, हे किती वेळा घडतं ते तुमच्याच दप्तरी असेल. त्या दिवशी मात्र कुणीही उडी टाकली नाही. एक पालथा पडला, दुसऱ्यानं त्याचे पाय धरले. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं तर काय होईल याचा विचार करा.

मुलाची आई मला परवा भेटली. ती कुंपणाच्या बाजूची आहे, आणि का नसावी? मी वाद घातला नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘तुम्ही तिथं होतात ना?’ मी ‘हो’ म्हटलं. पुढे दोघींनाही बोलता येईना.

दोर परत नाही दिलात तरी चालेल. तो जुनाच झाला होता, एका ठिकाणी पीळ सुटला होता, बदलायलाच हवा होता. आकडी मात्र हवी. ती तुमच्या कार्यालयाच्या मागच्या पडवीत जुन्या फलकांच्या ढिगाला टेकवून ठेवली आहे. मी खिडकीतून पाहिली. बारा फुटी काठी, मधोमध निळ्या रंगाचा पट्टा. टोकाची सळई आत वळवलेली आहे आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी तिहेरी गुंडाळलेली आहे, कुणाला लागू नये म्हणून. सोमवारी अकरा वाजता घ्यायला येते. पावतीवर सही लागणार असेल तर कागद तयार ठेवा.

आपली,
याच डोहात पोहायला शिकलेली एक बाई